समांतर गणनेतील आव्यूह व सदिश : दोषशोधनाची रीत

१. प्रश्नाचे स्वरूप

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खन ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकाच्या अंगी पाणी धरून ठेवण्याची शक्ती मुळात थोडी. वरचा झिजलेला थर आणि खालच्या भेगा यांतच काय ते पाणी साठते व विहिरी त्यावरच अवलंबून असतात. पश्चिमेस वर्धा नदी जिल्ह्याची सीमा आखते. वणा, धाम, बोर व यशोदा या नद्यांचे पाणी जिल्ह्यातून वाहते. अशा प्रदेशात पावसाचे मुरलेले पाणी कोठे जाईल व विहिरींची पातळी कोठवर उतरेल, हे गणिताने काढावयाचे झाल्यास भूमीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाच्या पाणीपातळीसाठी एकेक समीकरण मांडावे लागते. या समीकरणांच्या सहगुणकांचा आव्यूह होतो आणि अज्ञात पातळ्यांचा सदिश होतो.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३१० चौरस किलोमीटर आहे. चौकोनाची बाजू १०० मीटर धरल्यास अज्ञातांची संख्या सुमारे ६ लाख ३१ हजार होते. एवढ्या अज्ञातांचा आव्यूह पूर्णपणे साठवू गेल्यास, प्रत्येक पदास ८ बाइट या हिशेबाने, सुमारे ३.२ लाख कोटी बाइट लागतील. परंतु एका चौकोनाचा संबंध स्वतःशी व चार शेजाऱ्यांशी, म्हणजे पाचच पदांशी येतो. केवळ ही पदे व त्यांचे स्तंभक्रमांक ठेवल्यास सुमारे ३.८ कोटी बाइट पुरतात. अशा आव्यूहास विरल आव्यूह म्हणतात. एका थराचे एक गणित एखादा साधा संगणकही करील. परंतु थर अनेक असले, गणित दिवसामागून दिवस पुढे न्यावयाचे असले आणि खडकाचे गुणांक जुळविण्यासाठी तेच शेकडो वेळा करावयाचे असले, म्हणजे काम वाटून देणे भाग पडते.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ या यंत्रात प्रत्येक घटकाची स्मृती स्वतंत्र होती आणि दुसऱ्याजवळचा आकडा निरोप पाठवूनच मिळत असे. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘पेट्सी’ या आज्ञावलीसंग्रहाची रचना त्याच वर्षी सुरू झाली. विरल आव्यूह व सदिश अनेक प्रक्रियांमध्ये वाटून त्यांवर गणित करणे हे त्याचे कार्य होय. येथील विवेचन मुख्यतः या संग्रहास धरून केले आहे. तथापि त्यातील तत्त्वे अशा इतर संग्रहांनाही लागू पडतात.

२. मालकी आणि क्रमांक

कल्पना करावी की, वरील आव्यूह आठ प्रक्रियांमध्ये वाटला आहे. जिल्ह्याचे तालुकेही आठच आहेत; परंतु संग्रह तालुक्यांच्या सीमा जाणत नाही. तो ओळींचे सलग व जवळजवळ सारखे आठ भाग करतो, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्यास सुमारे ७९ हजार ओळी येतात. यामुळे प्रत्येक ओळीस दोन क्रमांक प्राप्त होतात : एक संपूर्ण आव्यूहातील, म्हणजे जागतिक, दुसरा त्या प्रक्रियेपुरता, म्हणजे स्थानिक. सर्वांत जास्त दोष या दोहोंच्या गोंधळातून उद्भवतात.

समजा, नदीकाठापासून क्रमांक दिले आहेत व पहिल्या ५०० ओळी नदीच्या आहेत. त्यांत पाणीपातळी नदीच्या पातळीइतकी बांधून द्यावयाची आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने ‘पहिल्या ५०० ओळी’ असे स्थानिक क्रमांकाने लिहिले, तर एकाच प्रक्रियेवर उत्तर अगदी बरोबर येईल, कारण तेथे दोन्ही क्रमांक एकच असतात. आठ प्रक्रियांवर मात्र प्रत्येक प्रक्रिया आपापल्या पहिल्या ५०० ओळींस नदी समजेल. जिल्ह्यात खऱ्या नदीखेरीज सात खोट्या नद्या निर्माण होतील आणि त्यांच्या आसपासच्या कोरड्या विहिरी कागदावर भरलेल्या दिसतील.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अशा गणनेत कोणतीही सूचना येत नाही. पुनरावृत्ती रीतसर अभिसरण पावते आणि शेष अत्यंत लहान होतो. कारण दिलेले समीकरण सुटले की नाही, एवढेच शेष सांगतो. दिलेले समीकरण वर्धा जिल्ह्याचे आहे की नाही, हे त्यास ठाऊक नसते. यास्तव लहान शेष हा आज्ञावलीच्या शुद्धतेचा पुरावा मानणे ही मोठीच चूक होय.

३. पदांची जुळणी

दोन चौकोनांमधील सीमेवरून वाहणारे पाणी दोन्ही चौकोनांच्या ओळींत पदे घालते. त्यांपैकी एक ओळ दुसऱ्या प्रक्रियेच्या मालकीची असू शकते. अशी परकी पदे संग्रह तात्पुरती बाजूस ठेवतो आणि जुळणीची आज्ञा मिळताच मालकाकडे रवाना करतो. या व्यवहारात तीन दोष नेहमी आढळतात. पहिला : भर घालण्याऐवजी पद नव्याने लिहिले जाते व शेजाऱ्याने आधी घातलेला अंश पुसला जातो. दुसरा : सीमेवरील एकच प्रवाह दोन्ही प्रक्रिया घालतात व तो दुप्पट होतो. तिसरा : परक्या ओळीत घालावयाची पदे घातलीच जात नाहीत.

सदिशाच्या बाबतीत याच जातीचा दोष म्हणजे शिळे आकडे. शेजाऱ्याच्या सीमेवरील पातळ्यांची प्रत प्रत्येक प्रक्रिया जवळ बाळगते. मूळ पातळ्या बदलल्यावर प्रत नवी करून घेतली नाही, तर गणित कालच्या आकड्यांवर चालते.

४. तीन चाचण्या

वरील दोष शोधण्यासाठी समीकरणे सोडविण्याचीही आवश्यकता नाही. आव्यूहास योजून निवडलेल्या सदिशांनी गुणणे पुरेसे असते.

पहिली चाचणी : ज्याचे प्रत्येक पद १ आहे अशा सदिशाने गुणावे. सर्वत्र पातळी सारखी असेल तर पाणी वाहणार नाही. म्हणून नदीच्या ओळी वगळता प्रत्येक ओळीत उत्तर शून्य, अथवा पूर्णांकनापुरते शून्याच्या निकट, आले पाहिजे. शून्येतर उत्तराच्या ओळींची यादी करताच खोट्या नद्या उघड्या पडतात. पुसली गेलेली पदेही येथेच सापडतात.

दुसरी चाचणी : प्रवाहाचे दुप्पट होणे पहिल्या चाचणीस कळत नाही, कारण कर्णावरील व शेजारचे पद सारखेच वाढून बेरीज शून्यच राहते. त्यासाठी खडकाचे गुणांक सर्वत्र सारखे धरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे एकेकाने वाढणाऱ्या पातळ्यांचा सदिश घ्यावा व मागाहून दक्षिणोत्तर तसाच दुसरा घ्यावा. आतल्या चौकोनात जितके पाणी येते तितकेच बाहेर जाते, म्हणून तेथे उत्तर शून्य यावयास हवे. दोन प्रक्रियांच्या सीमेवर ते तसे न आल्यास दोष जुळणीत आहे.

तिसरी चाचणी : नदीच्या ओळी बांधून देण्यापूर्वी आव्यूह त्याच्या परिवर्ताशी ताडून पाहावा. एका बाजूस घातलेले व दुसऱ्या बाजूस राहून गेलेले पद सममितीच्या भंगाने लगेच कळते.

५. थांबलेली व मंद गणना

काही वेळा उत्तर चुकत नाही. ते येतच नाही. सदिशाचे मान काढणे, गुणाकार करणे, जुळणी पुरी करणे ही कामे सामूहिक आहेत. आठांपैकी सात प्रक्रिया आल्या व आठवी कोणत्या तरी अटीमुळे दुसऱ्या वाटेने गेली, तर त्या सात अखंड वाट पाहत राहतात. अशा वेळी प्रत्येक प्रक्रिया कोणत्या आज्ञेवर उभी आहे हे दोषशोधकाने पाहावे. वेगळ्या ठिकाणी उभी असलेली प्रक्रियाच बहुधा कारण दाखविते.

जुळणीत फार वेळ जात असल्यास प्रत्येक ओळीत किती पदे येणार हे आगाऊ सांगितले होते काय, ते तपासावे. न सांगितल्यास पूर्वी जागा पुनःपुन्हा मागावी लागे. पेट्सीच्या २०२३ पासूनच्या आवृत्त्यांत ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या आज्ञावल्यांत मात्र ती अद्याप भेटते.

अभिसरणच होत नसेल, तर संगणकाकडे वळण्यापूर्वी भूमीकडे पाहावे. झिजलेला थर व अखंड बेसाल्ट यांच्या पारगम्यतेत प्रचंड अंतर असते. त्यामुळे आव्यूह स्वभावतःच अवघड होतो. नदीची अट गळून सर्व सीमा बंद राहिल्या, तर स्थिर प्रवाहाच्या आव्यूहास व्यस्तच उरत नाही : सर्व पातळ्या सारख्याच वर उचलल्या तरी समीकरणे तशीच राहतात.

६. कोणता फरक दोष नव्हे

प्रक्रियांची संख्या बदलताच उत्तर किंचित बदलले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. संगणकाची बेरीज क्रमावर अवलंबून असते. दुहेरी अचूकतेत १ पुढे १६ शून्ये या संख्येत १ मिळवून पुन्हा तीच संख्या वजा केल्यास ० येते. आधी वजाबाकी करून मग १ मिळविल्यास १ येतो. वाटप बदलले की बेरजेचा क्रमही बदलतो. शिवाय पेट्सीचा नेहमीचा पूर्वसंस्कार प्रत्येक प्रक्रियेच्या भागावर स्वतंत्रपणे होतो. म्हणून एक व आठ प्रक्रियांवर पुनरावृत्तींची संख्या वेगळी येणे स्वाभाविक आहे. शेष मूळच्या एक लक्षांशावर आला की गणना थांबते, ही संग्रहाची नेहमीची मर्यादा. ती बरीच कडक करावी. उत्तरांतील अंतर त्या प्रमाणात घटले, तर ते गणनेचे होते. जसेच्या तसे राहिले, तर आज्ञावलीत दोष आहे.

७. शोधाचा क्रम

या सर्वांवरून शोधाचा क्रम निश्चित होतो. प्रथम वीस-पंचवीस चौकोनांचे उदाहरण घ्यावे व त्याचे उत्तर हाताने काढून ठेवावे. ते एका, मग दोन व मग तीन प्रक्रियांवर चालवावे. ओळींना तीनने नेमका भाग जात नसेल तर अधिक चांगले, कारण विषम वाटपात क्रमांकांचे दोष लपत नाहीत. तीनही चाचण्या उतरल्यावरच समीकरणे सोडवावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शेवटी पाण्याचा ताळेबंद मांडावा : मुरलेले पाणी, उपसलेले पाणी, नदीस मिळालेले पाणी आणि साठ्यात पडलेला फरक यांचा मेळ बसला पाहिजे.

हा ताळेबंद मांडण्यास थोडा वेळ लागतो. परंतु तो टाळून काढलेल्या नकाशावर विश्वासून सेलूत वा समुद्रपुरात कोणी विहीर खणली, तर आज्ञावलीतील एका क्रमांकाच्या चुकीची किंमत त्या शेतकऱ्यास मोजावी लागेल.