निवाऱ्याच्या पाण्यातील नौकासहल : कुटुंबासाठी नियोजन

वऱ्हाडातील मुलास पाण्याची ओळख होते ती विहीर, नाला व पाझर तलाव यांच्या काठी. समुद्र त्यास बहुधा भूगोलाच्या पुस्तकातच भेटतो. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील एखादे कुटुंब दिवाळीच्या सुटीत मुंबईस निघाले, की मुलांचा पहिला हट्ट नावेत बसण्याचा असतो, आणि अशा वेळी गावातील पालक गुरुजींचाच सल्ला विचारतात. तो सल्ला नेमका असावा, यासाठी हे विवेचन आहे. शालेय सहलींना शिक्षण विभागाचे स्वतंत्र निर्बंध लागू आहेत; येथील विचार कौटुंबिक सहलीपुरताच समजावा.

शांत पाण्याचा भ्रम

ज्या पाण्यास बेटाचा, भूशिराचा अथवा खाडीच्या काठाचा आडोसा असतो, तेथे खुल्या समुद्राच्या मोठ्या लाटा पोहोचत नाहीत. मुंबईचे बंदर असेच आहे. पश्चिमेस मुंबई व पूर्वेस रायगड जिल्ह्याचा किनारा यांमधील या पाण्यातून गेटवे ऑफ इंडिया ते घारापुरी हा सुमारे एका तासाचा जलप्रवास होतो. कुटुंबास एका दिवसात करता येण्याजोगी ही सहल आहे.

तथापि शांत पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. 18 डिसेंबर 2024 रोजी याच मार्गावर चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून प्रवासी नौकेवर आदळली. नौकेत शंभराहून अधिक माणसे होती. या अपघातात 15 जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी ना वादळ होते, ना मोठ्या लाटा. आपल्या जिल्ह्यातही 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत एक लहान नाव उलटली व एकमेकांच्या नात्यातील 11 जण बुडाले. नावेत तिच्या शक्तीहून अधिक माणसे बसली होती. एका ठिकाणी बंदर, दुसऱ्या ठिकाणी नदी. पण धडा एकच. संकट लाटेच्याच रूपाने येते असे नाही, म्हणून सुरक्षिततेची तयारी पाण्याकडे पाहून नव्हे, तर नावेत पाय ठेवण्यापूर्वीच व्हावयास हवी.

दिवस व वेळ

पावसाळ्याचे महिने सर्वथा वर्ज्य करावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने सुमारे साडेसहाशे किलोमीटरांचा प्रवास करून मुंबईस उतरताच नौकेकडे धाव घेऊ नये. जागरणाने शिणलेल्या मुलांस नौकेत मळमळ लवकर होते. पहिला दिवस विश्रांतीस द्यावा व दुसऱ्या दिवशी सकाळी निघावे. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

सकाळच्या वेळेस शास्त्रीय कारण आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तीवरील हवा हलकी होऊन वर जाते व समुद्राकडून वारा वाहू लागतो. हेच खारे वारे. दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो व पाणी खवळते. म्हणून सकाळी जावे आणि दुपार चढण्याच्या आत परतीची नौका धरावी.

भरती-ओहोटीचा अंदाज पंचांगावरूनही घेता येतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता कोकणात पूर्ण भरतीची ठोकळ वेळ मिळते. चतुर्थीस ती सुमारे तीन वाजता, तर अष्टमीस सहा वाजता येते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. मुंबईस मोठ्या उधाणात पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक खाली-वर होते व प्रवाह वेगाने धावतात. अष्टमीच्या आसपासची भरती भांगाची, म्हणजे सौम्य असते. लहान मुले बरोबर असता असे दिवस पसंत करावेत. अचूक वेळ मात्र बंदरावरच विचारून घ्यावी.

नौकेत

परवानाधारक नौकाच घ्यावी. तिच्यावर प्रवासीसंख्या लिहिलेली असते. माणसे तीहून अधिक दिसल्यास, पैसे भरले असले तरी, खाली उतरावे. जीवरक्षक जाकीट नौका सुटण्यापूर्वीच घालावे. आसनाखाली ठेवलेले जाकीट आपत्तीच्या क्षणी हाती येत नाही. मुलास मुलाच्याच मापाचे जाकीट हवे. बंद आवळून ते खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहावे. हनुवटी वा कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे, असे समजावे. आपल्या मुलास विहिरीत पोहता येते, या भरवशावर जाकीट टाळू नये. थंड, वाहत्या पाण्यात, अंगावर कपडे असताना पोहणे ही वेगळी गोष्ट आहे.

प्रत्येक लहान मूल एका ठरावीक प्रौढाच्या स्वाधीन असावे. "सर्वांचे लक्ष आहे" याचा अर्थ पुष्कळदा "कोणाचेच लक्ष नाही" असा होतो. हिवाळ्यात कुरव पक्षी नौकेमागे थव्याने उडतात व त्यांना पाहण्यासाठी सर्व प्रवासी एका बाजूस लोटतात. माणसे उभी राहिली की नौकेचा गुरुत्वमध्य वर जातो, एका बाजूस गेली की तो सरकतो, आणि ती कलते. पक्षी बसल्या जागेवरूनही दिसतात, हे मुलांस आधीच सांगावे.

कोणी पाण्यात पडल्यास मागोमाग उडी घेऊ नये. तरंगणारी वस्तू फेकावी, ओरडून नावाड्यास सावध करावे व पडलेल्या व्यक्तीवरून दृष्टी हलवू नये.

वर्गातील उपयोग

समुद्रास कधी न जाणाऱ्या मुलांसही यातून शिकता येईल. पाऊणपटीचे गणित पंचांग घेऊन फळ्यावर करावे. परातभर पाण्यात पत्र्याची डबी तरंगवून तीत खडे मध्यभागी, एका कडेस व उंच रचून ठेवावेत आणि ती केव्हा उलटते ते मुलांनीच पाहावे.

हवा बिघडलेली दिसल्यास किंवा नौका भरलेली आढळल्यास किनाऱ्यावरूनच समुद्र पाहून परतावे. साडेसहाशे किलोमीटर येऊन नावेत न बसता परतणे मुलांस कठीण वाटेल, पण घारापुरी पुढील वर्षीही तेथेच असणार आहे. हे मुलांस समजावून सांगण्याचे धैर्य पालकांच्या अंगी यावे, यासाठी गावातील शिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो.