‘मला चालवत नाही’ : पायांचे दौर्बल्य, निदान आणि रुग्णाची भाषा

मराठी व्याकरणात ज्यांना शक्य क्रियापदे म्हणतात त्यांचा ‘मला चालवत नाही’ हा प्रयोग रुग्णाच्या तोंडी वारंवार येतो. तो असमर्थता सांगतो, परंतु तिचे कारण सांगत नाही. वेदना, थकवा, स्नायूंचे दौर्बल्य, तोल जाणे या सर्वांना तो सारखाच लागू पडतो. मज्जासंस्थेच्या विकारांत निदानाची अडचण येथूनच सुरू होते. कारण या अवस्था भिन्न असून त्यांवरील उपायही भिन्न आहेत. म्हणून कारणाचा माग क्रियापदात न शोधता त्याच्या भोवतीच्या तपशिलात शोधावा लागतो.

उकिडवे बसल्यावर मांड्यांवर हात टेकल्यावाचून उठता येत नसेल, तर कंबर व मांड्या यांच्या स्नायूंचे दौर्बल्य संभवते. उठण्याची अशी रीत गॉवर्स या इंग्रज वैद्याने १८७९ मध्ये वर्णिली. चपलेची तक्रार याहून बोधप्रद आहे. ‘चप्पल पायात टिकत नाही’ आणि ‘चप्पल निसटली तरी कळत नाही’ ही वाक्ये वरवर सारखी भासतात. परंतु पहिले पाऊल उचलणाऱ्या स्नायूंचे दौर्बल्य सुचविते, तर दुसरे संवेदनेचा लोप. दुसऱ्या प्रकारात मधुमेह व कुष्ठरोग यांचा विचार अवश्य करावा लागतो.

पाय ‘ताठतात’ असे रुग्ण म्हणत असेल, तर दृष्टी मेंदू व मज्जारज्जू यांकडे वळवावी लागते. तळपाय ओरखडल्यावर अंगठा वर वळणे हे तेथील विकाराचे लक्षण बाबिन्स्की याने १८९६ मध्ये दाखवून दिले.

बळ शाबूत असूनही माणूस पडू शकतो. तोंड धुताना डोळे मिटताच किंवा अंधारात तोल जात असेल, तर पायांची स्थिती मेंदूस कळविणारे मार्ग बिघडलेले असू शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे एक उपचारसाध्य कारण होय. मात्र उपचारास विलंब झाल्यास हानी कायमची होऊ शकते. पावले जमिनीला चिकटल्यासारखी वाटणे हे कंपवातात आढळते, तर उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे हे रक्तदाब घसरल्याचे चिन्ह असू शकते.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. दौर्बल्य दिवसागणिक वाढत असून लघवी अडत असेल, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका घेऊन तत्काळ तपासणी करणे अगत्याचे असते. अशा वेळी ‘आता वयच झाले’ हे घरच्यांचे समाधान रुग्णाचे चालणे कायमचे हिरावून घेऊ शकते.

रुग्णाचे बोलणे परीक्षेची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु परीक्षा कोठून आरंभावी हे ते दाखविते. टिपणात केवळ ‘अशक्तपणा’ असे लिहिले की तो निर्देश पुसला जातो. यास्तव रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे नोंदवून घेणे, ही निदानाची पहिली पायरी मानावयास हवी.