मुंबईची खोली



मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. सातवीपर्यंत इथं शिकलो आणि गेली १९ वर्षे मुंबईत नोकरी करतो. गुरुजी म्हणाले, भित्तिपत्रकासाठी मुंबईविषयी लिही. राणीची बाग आणि चौपाटी यांची माहिती तुम्हाला पुस्तकात मिळेल. मी लिहिणार आहे ते तिथली माणसं राहतात कशी याविषयी. कारण तुमच्यातल्या पुष्कळांचे बाबा, काका, मामा मुंबईला आहेत, आणि दर गणपतीत एक प्रश्न आपल्या वाडीत हमखास ऐकू येतो : "बाबा, आम्हाला मुंबईला का नेत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात सांगायचं तर 'जागा'.

वर्गातल्या नकाशात मुंबई पाहा. बोटासारखी लांबट जमीन आणि तिच्या तीन बाजूंना पाणी. पूर्वी ही सात बेटं होती. मधल्या खाड्या भरून ती जोडली. आजच्या मुंबईचं क्षेत्रफळ सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत तिथं १ कोटी २४ लाख माणसं मोजली गेली. आता पाटीवर भागाकार करा. एका चौरस किलोमीटरात २७ हजारांहून जास्त माणसं येतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात त्याच जनगणनेत हा आकडा २०० च्या आसपास होता!

एवढी माणसं तिथं गेली कशाला? पोटासाठी. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं कामाला जाऊ लागली. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर उंच इमारती आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. पण हाताला काम अजूनही मुंबईतच लवकर मिळतं, म्हणून माणसांचं जाणं काही थांबलं नाही. जमीन तेवढीच, माणसं वाढली. मग भाव वाढणारच. मुंबईत जुनी म्हण आहे : रोटला मिळतो, ओटला मिळत नाही. म्हणजे भाकरी मिळेल, पण पाठ टेकायला जागा मिळणं कठीण.

ही जागा केवढी असते? खडू आणि फूटपट्टी घ्या. वर्गात जमिनीवर १६ फूट लांब आणि १० फूट रुंद चौकोन आखा. हे झाले १६० चौरस फूट. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतली एक खोली एवढीच. आता या चौकोनात चूल, कपाट, पाण्याचं पिंप आणि सहा माणसं बसवा बघू! संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. अशा खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या. आता त्यांतल्या काही चाळी पाडून नवं बांधकाम चाललं आहे. २०२५ साली वरळीतल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. पण ज्यांना चाळीची खोलीसुद्धा परवडत नाही त्यांचं काय? २०११ च्या जनगणनेत मुंबईतली शंभरातली चाळीसहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती.

मी पहिली सहा वर्षे गावकीच्या खोलीत काढली. गावातल्या चाकरमान्यांनी मिळून घेतलेली ती खोली. तिथं आम्ही चौदाजण होतो. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. महिन्याला थोडी वर्गणी द्यायची, पाळीनं झाडायचं, भांडायचं नाही. गिरण्यांच्या काळात तर कामाच्या तीन पाळ्या असत. एकजण उठून कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. म्हंजे जागा एक आणि झोपणारे दोन! अशा खोलीत बायकामुलांना कसं नेणार, सांगा.

मग कुटुंब आणायचं तर माणूस लांब जातो. मी आता विरारला भाड्यानं राहतो. ते मुंबईच्या हद्दीबाहेर, पालघर जिल्ह्यात आहे. करार ११ महिन्यांचा. तो संपला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर खोली सोडा म्हणतो. माझी मुलगी चौथीत आहे, आणि तिनं आतापर्यंत तीन घरं पाहिली.

विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास स्वस्त, बरं का! पण गाडीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो, अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत. त्याला आम्ही 'चौथी सीट' म्हणतो. ती मिळाली तरी माणूस खूष. माझे जाऊन-येऊन तीन तास जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ तास, म्हणजे तीन दिवस-तीन रात्रींहून जास्त. जागेला पैसे नसले की माणूस अशी वेळेनं किंमत भरतो. कधी जिवानंही. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि अशाच कारणांनी २०२३ साली मुंबईच्या लोकलमार्गांवर अडीच हजारांच्या आसपास माणसं गेली.

पाण्याचंही तसंच. तानसा, भातसा, वैतरणा अशा धरणांतून मोठमोठ्या नळांनी पाणी लांबून मुंबईला येतं. चाळीत ते ठराविक वेळेलाच येतं. ती वेळ चुकली की दिवसभर हाल. आणि तानसा-भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या काही पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

मग मुंबई वाईट का? नाही, मुलांनो. तिथं कुठल्याही कामाला दाम मिळतो. महानगरपालिकेच्या शाळा मराठीसह आठ माध्यमांच्या आहेत. चाळीत कुणी आजारी पडलं तर शेजारी न बोलावता धावतात. जागा कमी असली की माणसं एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात, हे मी तिथंच पाहिलं.

पण मुंबईचा पगार ऐकताना नुसता आकडा ऐकू नका. त्यातून भाडं वजा करा, तीन तास वजा करा. मग उरतं ते बाबा मनीऑर्डरनं पूर्वी पाठवायचे, आता मोबाईलवरून पाठवतात. गणपतीला घरी आले की पहिले दोन दिवस ते पडवीत नुसते झोपून असतात. त्यांना आळशी म्हणू नका. हात-पाय पसरून झोपायला त्यांना वर्षातून तेवढेच दिवस मिळतात.

यंदा ते आले की त्यांना चार प्रश्न विचारा : खोली किती फुटांची? तिथं किती माणसं? पाणी किती वाजता येतं? कामावर पोचायला किती वेळ लागतो? उत्तरं वहीत लिहून गुरुजींकडे द्या. पुढच्या अंकात त्यांचा तक्ता लावू.

— एक माजी विद्यार्थी