व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

एप्रिल-मे महिन्यांत न्यूअर्कला मुंबईचं विमान उतरलं, की इमिग्रेशनच्या रांगेत आपली माणसं लगेच ओळखू येतात. पायांत कोरे स्पोर्ट्स शूज, गळ्यात पासपोर्टची पिशवी आणि हातात मुलाने ईमेलवर पाठवलेल्या कागदांची प्लास्टिकची फाइल. परतीचं तिकीट, विमा, मुलाच्या घरचा पत्ता, सुनेचा फोन नंबर, सगळं त्या फाइलीत असतं. त्यांचा मुक्काम ज्यावर ठरणार, ती नोंद मात्र अजून व्हायचीच असते.

न्यू जर्सीत राहून ओळखीपाळखीच्या बऱ्याच आई-बाबांचे हे कागद मी पाहिले आहेत. घोळ होतो तो बहुतेक वेळा तारखेचा. पर्यटक म्हणून येणाऱ्यांच्या पासपोर्टवर बी-१/बी-२ व्हिसा चिकटवलेला असतो. आपल्या लोकांना तो सहसा दहा वर्षांचा मिळतो आणि त्यावरची लांबची तारीख बघून माणूस निर्धास्त होतो. पण व्हिसा म्हणजे दारापर्यंत येऊन ‘आत येऊ का?’ असं विचारण्याची मुभा, एवढंच. आत घ्यायचं की नाही आणि घेतलं तर कधीपर्यंत, हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. त्याच्या या निर्णयाची नोंद म्हणजे आय-९४.

काउंटरवर फार वेळ जात नाही. अधिकारी पासपोर्ट यंत्रावर ठेवतो, बोटांचे ठसे आणि फोटो घेतो, दोन-चार प्रश्न विचारतो. कशासाठी आलात, कुणाकडे उतरणार, किती दिवस राहणार. या शेवटच्या प्रश्नाला ‘व्हिसा दहा वर्षांचा आहे’ असं ठणकावून सांगणारे काका मी ऐकले आहेत. अधिकारी बिचारा शांतपणे पुन्हा विचारतो. (लोणच्याची चौकशी वेगळी, पण काकूंना खरी धास्ती तिचीच असते.) परतीचं तिकीट तीन महिन्यांनंतरचं असलं, तरी बहुतेकांना सहा महिने मिळतात. अधिकाऱ्याच्या मनात आलं तर कमीही मिळू शकतात. पूर्वी पासपोर्टवर शिक्का मारून त्यात ही तारीख हाताने लिहीत. आता अनेक विमानतळांवर तो शिक्काही मारत नाहीत. माणूस बॅगा घ्यायला पुढे जातो आणि आपण कोणत्या तारखेपर्यंत इथे कायदेशीर आहोत, हे त्याच्या हातातल्या एकाही कागदावर लिहिलेलं नसतं.

म्हणून घरी आल्यावर, जेट लॅग उतरायच्या आत, ती नोंद वेबसाइटवरून काढून घ्यावी. सरकारी वेबसाइटवर ती फुकट मिळते. तशाच दिसणाऱ्या खाजगी वेबसाइट्स या कामाचे पैसे उकळतात. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर आणि देश भरला की झालं, असं वाटतं. पण मराठी नावं इथे अडतात. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट दुसऱ्या रकान्यात असतं. सून फक्त सासूबाईंचं नाव टाकते आणि ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर आलं की घरात धावपळ सुरू होते. सासऱ्यांचं नाव जोडलं की नोंद बहुधा निघते. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच आहे, त्यांच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी अक्षरं येतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. नोंदीचा नंबर अकरा जागांचा. २०१९पासून त्यात दहाव्या जागी अक्षर येतं, त्यामुळे तो उतरवून घेताना ओ आणि शून्य यांत गल्लत करू नये. तारीख किंवा व्हिसाचा वर्ग चुकीचा दिसला तर दुरुस्तीसाठी वेगळं कार्यालय असतं, बऱ्याचदा विमानतळावरच.

२०१३पर्यंत हे सगळं डोळ्यांसमोर होतं. विमानातच आय-९४चं पांढरं कार्ड भरायचं, अधिकारी त्याचा खालचा तुकडा शिक्का मारून पासपोर्टला स्टेपल करायचा आणि परत जाताना विमान कंपनीची माणसं तो काढून घ्यायची. घ्यायला विसरली, तर भारतातून तो पोस्टाने पाठवावा लागे, केंटकी राज्यातल्या लंडन नावाच्या गावी! कार्ड गेलं याचं दुःख करण्यात अर्थ नाही, ते हरवायचंही. पण पासपोर्ट उघडला की मुदत दिसायची. आता ती शोधायला मुलाची रविवारची सवड लागते. वय झालेल्या माणसाचा हक्क किती दिवसांचा, हे त्याला स्वतःला वाचता येऊ नये, ही मला काही सुधारणा वाटत नाही.

मुदत एका दिवसाने जरी उलटली, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून परतलेल्याला तीन वर्षं आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला दहा वर्षं प्रवेश बंद. नातवंडासाठी अजून थांबायचं असेल, तर मुदत संपण्यापूर्वी आय-५३९ अर्ज करावा लागतो. देवळात एक सल्ला नेहमी मिळतो: नायगारा बघताना पलीकडे कॅनडात जाऊन या, सहा महिने नव्याने मिळतील. तसं धरून चालू नये. तीस दिवसांच्या आत परतलात तर सहसा जुनीच मुदत पुढे चालू राहते.

परत जाताना आई-बाबा हमखास इमिग्रेशनचा काउंटर शोधतात, कारण मुंबईहून निघताना तो होता. अमेरिकेत बाहेर पडताना तसा काउंटर नाही. विमान कंपनी प्रवाशांची यादी सरकारला पाठवते, काही ठिकाणी गेटवर चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि त्यावरून ‘हा माणूस गेला’ अशी नोंद होते. ती कधीकधी होत नाही, विशेषतः कुणी रस्त्याने कॅनडात गेलं असेल तर. अशा वेळी पुरावा आपणच द्यायचा: बोर्डिंग पास आणि मुंबईत उतरल्याचा शिक्का. आई-बाबा घरी पोहोचले, की मी त्यांच्या मुलांना या दोन्हींचे फोटो मागवून ठेवायला सांगते. शिवाय महिन्याभराने त्याच वेबसाइटवर प्रवासाचा इतिहास उघडून तिथे परत गेल्याची तारीख आली आहे का, तेही बघायला सांगते.