दरवर्षी गॅस भरण्यापेक्षा गळती शोधणे शहाणपणाचे
जुन्या मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेच्या दुरुस्तीचे गणित

गेवराई : मार्च सरून एप्रिल उजाडला, की जुन्या मोटारींच्या मालकांची पावले गॅरेजकडे वळू लागतात. ‘एसी गार करत नाही’ ही नेहमीची तक्रार आणि ‘गॅस संपला आहे, भरून घ्या’ हा तितकाच नेहमीचा सल्ला. पैसे मोजल्यावर गारवा परततो. मात्र पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच फेरा सुरू होतो. वास्तविक एसीतील गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. जुन्या रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत तो थोडाफार झिरपतो, हे खरे. पण एका वर्षात गारवा नाहीसा होत असेल, तर यंत्रणेत कोठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील गेवराईत हा केवळ चैनीचा प्रश्न राहत नाही. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. उपचारांसाठी बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठताना वृद्ध, रुग्ण आणि तान्ही मुले यांना बंद पडलेल्या एसीचा त्रास सर्वाधिक होतो.

गारवा येतो कसा?

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅसवर दाब देतो. तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. ड्रायरमध्ये त्यातील ओलावा शोषला जातो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम घटतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते. ही वाफ होताना मोटारीतील हवेची उष्णता शोषली जाते. या साखळीतील एक कडी जरी बिघडली, तरी गारवा जातो. म्हणूनच गॅसला दोष देण्यापूर्वी फ्यूज, पट्टा, कॉम्प्रेसरचा क्लच आणि कंडेन्सरचा पंखा तपासणे आवश्यक ठरते. महामार्गावरील धूळ आणि कापसाचे तंतू कंडेन्सरच्या जाळीत अडकले, तर गॅस पुरेसा असूनही हवा गार होत नाही. अशा वेळी हलक्या दाबाच्या पाण्याने जाळी धुतली तरी काम भागते.

दुरुस्तीचा योग्य क्रम

गळती बहुधा नळ्यांच्या जोडांवरील रबरी ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील, खडे लागून छिद्र पडलेला कंडेन्सर किंवा गंजलेली कूलिंग कॉइल या ठिकाणी आढळते. गॅससोबत तेलही बाहेर येत असल्याने जोडावरील तेलकट, धुळकट डाग ही पहिली खूण होय. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावणे, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फिरविणे किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग सोडणे, या पद्धतींनी नेमकी जागा सापडते.

गळती बुजविल्यावर ड्रायर बदलावा लागतो. कारण उघडा पडलेला ड्रायर हवेतील ओलावा शोषून निकामी होतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने यंत्रणेतील हवा व बाष्प काढून टाकतात. या कामाला किमान अर्धा तास द्यावा लागतो. पंप बंद केल्यावरही काटा जागचा हलला नाही, तरच गॅस भरावा. आत ओलावा राहिल्यास व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो आणि तेलाशी संयोग होऊन आम्ल तयार होते. हे आम्लच पुढे कॉम्प्रेसरला खाते. गॅस अंदाजाने नव्हे, तर बॉनेटखालील पट्टीवर नोंदविल्याप्रमाणे वजन करून भरणे योग्य. लहान मोटारीस साधारणतः अर्धा किलो गॅस लागतो. प्रमाणापेक्षा अधिक गॅसनेही गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

जुना गॅस, नवा गॅस

नव्वदच्या दशकातील अनेक मोटारींत ‘आर-१२’ हा गॅस असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, हे सिद्ध झाल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला आणि ऑगस्ट २००८ पासून देशात या वर्गातील वायूंचे उत्पादन थांबले. अशी मोटार आजही वापरात असेल, तर ती ‘आर-१३४ए’ या गॅसवर आणता येते. परंतु केवळ नवा गॅस भरून भागत नाही. जुन्या गॅससोबतचे खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. त्यामुळे तेल, ड्रायर, ओ-रिंग आणि गरजेनुसार नळ्याही बदलाव्या लागतात. नवा गॅस ओझोनला घातक नसला, तरी पृथ्वीचे तापमान वाढविण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. गळकी यंत्रणा दरवर्षी भरणे म्हणजे हा वायू हवेत सोडणेच होय.

स्वस्ताईच्या मोहाने काही ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅसचे मिश्रण भरण्याचा प्रकार मात्र जिवावर बेतू शकतो. त्याने हवा गार होते, हे खरे; पण कूलिंग कॉइल फुटल्यास हा ज्वालाग्राही वायू थेट प्रवाशांच्या बैठकीत शिरतो आणि एक ठिणगीही पुरेशी ठरते.

गॅरेजमध्ये विचारावयाचे प्रश्न मोजकेच आहेत : गळती कोठे सापडली, ड्रायर बदलला काय, व्हॅक्यूम किती वेळ दिला आणि कोणता गॅस किती वजनाने भरला? दुरुस्तीनंतर हिवाळ्यातही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालू ठेवल्यास सीलना तेल मिळत राहते आणि ती सुकत नाहीत. गळती शोधण्याचा खर्च एकदाच जड वाटतो. न शोधण्याचा खर्च मात्र दर उन्हाळ्यात करावा लागतो.