बीड लोकसभा मतदारसंघ : खासदाराचे मतदान, भाषणे व लेखी प्रश्न यांचा अन्वयार्थ

प्रास्ताविक

लोकसभेची मुदत संपत आली की वर्तमानपत्रांतून खासदारांची प्रगतिपुस्तके प्रसिद्ध होऊ लागतात. उपस्थिती इतके टक्के, विचारलेले प्रश्न इतके, चर्चेतील सहभाग इतका, अशा तीन-चार आकड्यांत पाच वर्षांचे संसदीय कार्य बसविले जाते. हे आकडे खोटे नसतात. परंतु ते कशाचे माप आहेत याचा विचार फारसा होत नाही. खासदाराने सभागृहात दिलेले मत, केलेले भाषण आणि विचारलेला लेखी प्रश्न या तीन गोष्टींचे स्वरूप परस्परांहून अगदी भिन्न आहे. प्रत्येकीत त्याचा स्वतःचा वाटा किती व त्याच्या पक्षाचा किती, हे समजल्याखेरीज त्या आकड्यांवरून मतदाराला कोणताही निर्णय करता येत नाही. प्रस्तुत लेखात बीड लोकसभा मतदारसंघाच्या आधारे हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून हा मतदारसंघ बनतो. १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे येथून निवडून गेले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. पुढे केशरबाई क्षीरसागर, बबनराव ढाकणे, रजनी पाटील, जयसिंगराव गायकवाड, गोपीनाथ मुंडे आणि प्रीतम मुंडे यांनी या जिल्ह्याचे प्रतिनिधित्व केले. २०१४ च्या पोटनिवडणुकीत ६,९६,३२१ मतांचे मताधिक्य देणाऱ्या याच मतदारसंघाने २०२४ मध्ये बजरंग सोनवणे यांना अवघ्या ६,५५३ मतांनी विजयी केले. इतक्या कमी फरकाने निकाल लागतो तेथे खासदार दिल्लीत काय करतो याविषयीची उत्सुकता केवळ अभ्यासकांची राहत नाही.

एक गोष्ट आरंभीच नोंदविली पाहिजे. मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारीत नाही, तो उत्तरे देतो. जयसिंगराव गायकवाड वाजपेयी मंत्रिमंडळात राज्यमंत्री होते; गोपीनाथ मुंडे २६ मे २०१४ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्री झाले आणि ३ जून रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. अशा काळात प्रश्नांच्या रकान्यातील शून्य हे निष्क्रियतेचे द्योतक नव्हे.

मतदान : पक्षाचे की सदस्याचे?

आमच्या खासदाराने अमुक कायद्याच्या बाजूने मत दिले की विरोधी, हा प्रश्न सर्वांत सोपा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर बहुतेक वेळा उपलब्धच नसते. लोकसभेत विधेयक सामान्यतः आवाजी मतदानाने संमत होते. अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल ‘नाही’ म्हणतात आणि अध्यक्ष आवाजाच्या बळावरून निर्णय जाहीर करतात. एखाद्या सदस्याने मतविभागणीची मागणी केली व ती घेण्यात आली, तरच प्रत्येकाचे मत नावासह नोंदले जाते.

शेतीविषयक कायद्यांचे उदाहरण बोलके आहे. १७ सप्टेंबर २०२० रोजी त्यांतील दोन प्रमुख विधेयके लोकसभेने आवाजी मतदानाने संमत केली. देशभर आंदोलन झाले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे रद्द करणारे विधेयकही आवाजी मतदानानेच, आणि चर्चेविना, मंजूर झाले. कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या बीडच्या शेतकऱ्याला आपल्या तत्कालीन प्रतिनिधीचे मत या दोन्ही प्रसंगी अधिकृत नोंदीत शोधूनही सापडणार नाही. पक्षाची भूमिका सापडेल. सदस्याचे मत सापडणार नाही.

घटनादुरुस्तीच्या बाबतीत मात्र स्थिती वेगळी आहे. अनुच्छेद ३६८ प्रमाणे विशेष बहुमत आवश्यक असल्याने तेथे मतमोजणी अटळ ठरते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे विधेयक ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी संमत झाले. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा कायदा रद्द ठरविताना, मागास वर्ग निश्चित करण्याचा राज्यांचा अधिकार १०२ व्या घटनादुरुस्तीने संपुष्टात आल्याचा अर्थ लावला होता. तो अधिकार राज्यांना परत देणारी दुरुस्ती १० ऑगस्ट २०२१ रोजी ३८५ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाली. आरक्षणाच्या प्रश्नाने बीड जिल्ह्याइतके ढवळून निघालेले जिल्हे थोडेच आहेत. तरीही ३८५ विरुद्ध शून्य या मतदानातून कोणा एका सदस्याविषयी काही कळते असे म्हणता येत नाही. सारेच एका बाजूला असले म्हणजे मत हे मत न राहता हजेरी होते.

महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. विरोधी दोन मतांपैकी एक शेजारच्या औरंगाबाद मतदारसंघाचे तत्कालीन सदस्य इम्तियाज जलील यांचे होते. आरक्षण नसतानाही बीडने १९८०, १९८४, १९९१, १९९६, २०१४ (पोटनिवडणूक) आणि २०१९ अशा सहा निवडणुकांत महिला प्रतिनिधी निवडल्या, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे. महिला आरक्षणाचे पहिले विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये मांडले गेले, तेव्हाही बीडची जागा एका महिलेकडेच होती.

नोंद झालेले मतही स्वतंत्र असतेच असे नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हापासून पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मत देणाऱ्या किंवा पूर्वपरवानगीविना मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अनुसूची मूलतः वैध ठरविली. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, तेव्हा एकेका मताचे मोल देशाने पाहिले. परंतु असे प्रसंग विरळ. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्रित निवडणुकांचे विधेयक मांडण्याच्या टप्प्यावरच मतविभागणी झाली (२६९ विरुद्ध १९८). तीही बव्हंशी पक्षांच्या सीमारेषांवरूनच. सारांश, मतदानाच्या नोंदीत पक्ष दिसतो. सदस्याचा शोध अन्यत्र घ्यावा लागतो.

भाषणे

भाषणाची वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटली जाते आणि वक्त्यांची नावे पक्ष देतो. त्यामुळे मोठ्या पक्षातील नवख्या सदस्याला महत्त्वाच्या विधेयकावर संधी मिळणे दुरापास्त असते. अशा सदस्याला दोन वाटा उरतात. शून्य प्रहरात तातडीचा सार्वजनिक विषय मांडता येतो आणि नियम ३७७ अन्वये लिखित स्वरूपातील विषय उपस्थित करता येतो. शून्य प्रहरात मंत्र्यावर तत्काळ उत्तर देण्याचे बंधन नसते.

असे असले तरी, एखादे भाषण पक्षाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकते. मे २०१० मध्ये जनगणनेवरील चर्चेत गोपीनाथ मुंडे यांनी इतर मागास वर्गांची जातवार गणना करण्याची आग्रही मागणी केली. ते त्या वेळी भारतीय जनता पक्षाचे लोकसभेतील उपनेते होते आणि या विषयावर कोणत्याच मोठ्या पक्षात एकमत नव्हते. पुढे २०११ ची सामाजिक, आर्थिक व जातगणना झाली. तिच्यातील जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केला. मागणी आणि निर्णय यांत पंधरा वर्षांचे अंतर आहे. प्रगतिपुस्तकात मात्र या भाषणाची नोंद ‘चर्चेतील सहभाग : एक’ एवढीच होते.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. अनुच्छेद १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदी वा इंग्रजीत चालते. या भाषांत नीट व्यक्त होऊ न शकणाऱ्या सदस्यास मातृभाषेत बोलण्याची अनुमती पीठासीन अधिकारी देऊ शकतात. क्रांतिसिंह नाना पाटील यांची ओळख संसदेत मराठीतून बोलणारे खासदार अशी सांगितली जाते. आज मराठी भाषणाचा अनुवाद तत्क्षणी ऐकविण्याची सोय आहे.

लेखी प्रश्न : रेल्वेमार्गाचे उदाहरण

प्रश्न हा सदस्याचा सर्वांत वैयक्तिक अधिकार होय. येथे पक्षादेश चालत नाही. तारांकित प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी दिले जाते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. म्हणून कोणाचे तारांकित प्रश्न किती, यात दैवाचा भाग पुष्कळ असतो. शिवाय समान आशयाच्या सूचना एकत्र करून एकाच प्रश्नावर पाच-सहा सदस्यांची नावे छापली जातात. महाराष्ट्रातील खासदारांच्या बाबतीत असे सामायिक प्रश्न विपुल आढळतात. संख्या वाढते, मतदारसंघाचा विषय त्यात असेलच असे नाही.

प्रश्नाची शक्ती आणि मर्यादा दोन्ही समजून घेण्यास अहमदनगर–बीड–परळी वैजनाथ रेल्वेमार्गासारखे दुसरे उदाहरण नाही. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. पुढे निम्मा खर्च राज्य शासनाने उचलावा असे ठरले. मंजुरीनंतर बीडमधून जो जो निवडून गेला, त्याच्यासाठी हा विषय अपरिहार्य ठरला. पक्ष बदलले, मंत्री बदलले, प्रश्न तोच राहिला. २०१७ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला. तोपर्यंत दरवर्षीची त्यावरील चर्चा ही या मागणीची हक्काची जागा होती.

रेल्वे मंत्रालयाच्या लेखी उत्तरांचा एक ठरीव साचा आहे. मार्गाची लांबी, अंदाजित खर्च, आजवरचा खर्च, चालू वर्षाची तरतूद, पूर्ण झालेला टप्पा. आणि शेवटी, भूसंपादन, वनविभागाची अनुमती, राज्याचा हिस्सा इत्यादींवर प्रगती अवलंबून असल्याने निश्चित कालमर्यादा सांगता येत नाही. वरकरणी हे उत्तर निरर्थक वाटेल. परंतु अशी उत्तरे सलग पाच-सात वर्षांची एकापुढे एक ठेवली की तरतूद कोणत्या वर्षी वाढली, कोणत्या वर्षी राज्याचा हिस्सा थकला, काम कोठे अडले, याचा इतिहासच हाती येतो. मंत्रालय हा इतिहास सलग सांगत नाही. प्रश्नकर्त्याला तो तुकड्या-तुकड्याने वदवून घ्यावा लागतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर ते न्यू आष्टी गाडी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. यात कोणत्या प्रश्नाचा वाटा किती, हे मोजता येणारे नाही. श्रेयाचे फलक मात्र गावोगावी लागले!

उत्तरात मंत्र्याने काही करण्याचे वचन दिले तर ते शासकीय आश्वासन समितीच्या नोंदीत जाते व तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते. याच कारणास्तव उत्तरांचे मसुदे अत्यंत सावधपणे लिहिले जातात.

ज्या प्रश्नांना दिल्लीत दार नाही

प्रश्न मुख्यतः केंद्र शासनाच्या अखत्यारीतील असावा लागतो. केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, तेव्हा जिल्हा हादरला. तथापि सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे राज्यसूचीतील विषय आहेत. अशा घटनेविषयी संसदेत बोलावयाचे तर प्रश्नापेक्षा शून्य प्रहराचाच मार्ग जवळचा ठरतो.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत ही विभागणी अधिक जाचक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो स्त्री-पुरुष मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र शासन ठरविते. त्यामुळे उसाच्या भावावर लोकसभेत वारंवार प्रश्न येतात. ऊसतोडणीचा दर मात्र साखर संघ व कामगार संघटना यांच्यातील करारातून ठरतो आणि तो राज्याचा विषय मानला जातो. एकाच उसाचा मालक संसदेत पोहोचतो, तोडणारा पोहोचत नाही.

२०१९ मध्ये या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. आरोग्य हाही राज्याचा विषय. येथे खासदाराने प्रश्न कसा रचावा यातच त्याचे कौशल्य आहे. ‘बीडमधील रुग्णालयांवर काय कारवाई केली’ असे विचारल्यास विषय राज्याचा म्हणून प्रश्न बाहेर पडण्याचा संभव असतो. राष्ट्रीय महिला आयोग, राष्ट्रीय आरोग्य अभियान किंवा केंद्रीय कामगार कायदे यांच्या अंगाने तोच विषय विचारला तर उत्तर देणे भाग पडते.

आंतरराज्य स्थलांतर हा केंद्रसूचीतील विषय असल्याने त्या बाजूने आणखी एक दार किलकिले होते. परंतु त्याचा उंबरठा विचित्र आहे. धारूरचे जोडपे निपाणीच्या बाजूला कर्नाटकात गेले तर ते आंतरराज्य स्थलांतरित कामगार. तेच शिरोळला गेले तर नाही. काम तेच, उचल तीच, पालाची झोपडी तीच. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या दहा करण्यात आली. ती संहिता लोकसभेने २२ सप्टेंबर २०२० रोजी, बहुतांश विरोधी सदस्यांच्या अनुपस्थितीत, आवाजी मतदानाने संमत केली. त्या अधिवेशनात साथीच्या कारणास्तव प्रश्नोत्तराचा तास स्थगित होता. केवळ लेखी उत्तरे चालू होती. म्हणजे ज्या कायद्याचा बीडच्या कामगाराशी सर्वांत निकटचा संबंध, त्यावर त्याच्या प्रतिनिधीच्या मताची वैयक्तिक नोंद नाही आणि तोंडी प्रश्नासही वाव नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अंमलात आली आहे. आता तिच्याखाली कर्नाटकातील कारखान्यांनी बीडच्या किती कामगारांची नोंद केली, हे अतारांकित प्रश्नाद्वारे विचारता येते. त्याचे उत्तर लोकसभेच्या संकेतस्थळावर हिंदी व इंग्रजीत प्रसिद्ध होईल, मराठीत नव्हे.