तव्यावरची नागलीची भाकरी
नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी हे कसारा, शहापूर, मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातले जुने आणि कसदार अन्न. भातखाचरांच्या वरच्या वरकस जमिनीत पावसाळ्यात रोपांची लावणी होते आणि दिवाळीच्या सुमारास कणसे खुडली जातात. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळाच्या कितीतरी पट.

या पिठात गव्हासारखे चिवट ग्लूटेन नसते. गार पाण्यात मळलेली भाकरी थापतानाच चिरते, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. उष्णतेने स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ बांधले जाते. भाकरीचे खरे कौशल्य आधी इथे आहे, थापण्यात नंतर. गोळा भरपूर मळून परातीत थापायचा, तापल्या तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी पुरते सुकण्याआधीच भाकरी उलटावी. उशीर झाला तर भेगा पडतात आणि वाफ निसटते. शेवटी निखाऱ्यांवर आत कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते.

अमेरिकेत मक्याच्या पिठाचा पाव बिडाच्या तव्यात भाजतात. मक्यातही ग्लूटेन नाही; तिथे बहुधा अंडे पीठ बांधते आणि सोडा ते फुगवतो. भाकरीला दोन्ही लागत नाहीत. सोबत पावसाळ्यात टाकळ्याची किंवा कुरडूची भाजी, एरवी सुकटीची चटणी.